भिंत मिळेल, पण मत मिळेल का?

आपल्या वस्त्यांत चित्र काढणाऱ्या हातांची कधी वाण नव्हती. जयंतीचे फलक रंगवणारा तरुण, दुकानांच्या पाट्या लिहिणारे काका, इलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवणारी मुलगी, ए.टी.डी. करून शाळेत चित्रकला शिकवणारा भाऊ. अशी माणसे जवळजवळ प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. यांतील काही जण पोटासाठी काढायचे ते काढून झाल्यावर स्वतःच्या मनातलेही काढतात. मग ती चित्रे जातात कुठे? बहुतेक माळ्यावर.

चित्र लोकांपुढे मांडायचे तर भिंत लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. खासगी गॅलरीत शिरायला ओळख लागते. भाड्याच्या दालनाला पैसे लागतात आणि नावाजलेल्या दालनात तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. मालकाच्या गॅलरीत चित्र विकले गेलेच, तर किमतीतला मोठा हिस्सा, पुष्कळदा निम्मा, गॅलरीकडे जातो. शिवाय काय लावायचे आणि काय नाही, हे मालक ठरवतो.

यावर कलावंतांनीच शोधून काढलेला एक मार्ग आहे. तो म्हणजे सहकारी गॅलरी. ज्यांच्या घरात मुलगा किंवा मुलगी चित्रकलेकडे वळली आहे, त्यांना या मार्गाची माहिती असावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत. त्यातला फायदा आम्ही सांगूच, पण त्यातली मेख कुठे आहे तेही सांगू.

सहकारी गॅलरी म्हणजे काय?

ज्यांनी भिशी लावली, पतपेढी चालवली किंवा सोसायटीच्या सभेत हात वर केला, त्यांना हा प्रकार समजायला जड नाही. काही कलावंत एकत्र येतात, एक जागा भाड्याने घेतात आणि भाडे, वीजबिल, छपाई असा सगळा खर्च वर्गणीतून भागवतात. प्रत्येक सभासदाला ठरलेल्या पाळीने प्रदर्शन भरवायला मिळते. नवा सभासद घ्यायचा तर जुने सभासद त्याचे काम पाहतात आणि मतदान करतात. मालक कोणी नसतो, किंवा सगळेच मालक असतात.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा जागेचा महिन्याचा सर्व खर्च वीस हजार रुपये आहे आणि सभासद वीस आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला महिना एक हजार येतात. वर्षातले दहा महिने प्रदर्शने भरली आणि एका महिन्यात एकाचेच काम लागले, तर प्रत्येकाची पाळी दोन वर्षांतून एकदा येईल. म्हणजे चोवीस हजार रुपये भरून एक महिनाभराची भिंत. ऐकायला हे महाग वाटते. पण त्याबरोबर आणखी काही मिळत असते. चित्र विकले तर गॅलरीचा हिस्सा नसतो किंवा अगदी थोडा असतो. काय लावायचे ते आपण ठरवतो. आणि सभेत आपल्याला एक मत असते.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आजकाल पुष्कळ शहरांत पैसे घेऊन भिंत देणाऱ्या गॅलऱ्या निघाल्या आहेत. ‘आपली निवड झाली आहे’ असे पत्र येते आणि सोबत भरायच्या रकमेचा आकडा असतो. तिथे पैसे घेतले जातात, पण मत दिले जात नाही. हिशेब विचारायचा हक्क नाही, पुढचा सभासद निवडायचा हक्क नाही. ती भाड्याची भिंत आहे. गरज असेल तर जरूर घ्यावी, पण तिला सहकार म्हणू नये.

न्यूयॉर्कच्या वीस बाया

सहकारी गॅलरी प्रत्यक्षात कशी उभी राहते आणि तिच्यात काय काय घडते, हे पाहण्यासाठी एक खरे उदाहरण घेऊ. ते न्यूयॉर्कचे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या शहरात शिकले, तेच हे शहर. तेथे १९५० नंतरच्या दशकात टेन्थ स्ट्रीट या रस्त्यावर कलावंतांनी चालवलेल्या अनेक सहकारी गॅलऱ्या होत्या. त्यामुळे ही कल्पना काही नवी नव्हती. नवे होते ते १९७२ साली बायांनी स्वतःची गॅलरी काढणे.

त्यामागचे कारण असे. व्हिटनी म्युझियम ही तेथील मोठी संस्था. तिच्या वार्षिक प्रदर्शनात निवड झाली की कलावंताचे नाव होई. १९६९ सालच्या प्रदर्शनात सुमारे दीडशे कलावंतांमध्ये बाया होत्या फक्त आठ. याविरुद्ध १९७० साली चित्रकर्ती आणि लेखिका उठल्या. निम्म्या जागा बायांना द्या, ही त्यांची मागणी. त्यांनी निदर्शने केली, म्युझियमच्या आत जिन्यांवर आणि कोपऱ्यांत ‘५० टक्के’ असे लिहिलेली अंडी ठेवली. त्या वर्षीच्या प्रदर्शनात बायांचे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर गेले. निम्मे झाले नाही, पण आठवरून पुष्कळ वर आले. आवाज काढल्याशिवाय काही मिळत नाही, हा धडा तिथेही खरा ठरला.

निवड करणाऱ्यांचे नेहमीचे उत्तर होते की चांगल्या चित्रकर्ती आहेतच कुठे. म्हणून या चळवळीत बायांच्या कामाच्या स्लाईड, म्हणजे पडद्यावर दाखवायचे फोटो, एका जागी गोळा करण्यात आल्या. कलासमीक्षक लुसी लिपार्ड यांचा त्यात पुढाकार होता. सुझन विल्यम्स आणि बार्बरा झुकर या दोघींनी बायांची गॅलरी काढायचे मनावर घेतले. आणखी चौघी त्यांना मिळाल्या. या सहा जणींनी शेकडो स्लाईड पाहिल्या, पन्नासाहून अधिक बायांच्या कामाच्या जागी जाऊन चित्रे प्रत्यक्ष पाहिली आणि आणखी चौदा जणींना बोलावले. एकूण वीस.

नाव ठेवण्यात आले ए.आय.आर. गॅलरी. त्या भागात जुन्या कारखान्यांच्या इमारतींत कलावंत राहत असत. आग लागली तर वर माणूस राहतो हे बंबवाल्यांना कळावे म्हणून दारावर ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’ या शब्दांची आद्याक्षरे, म्हणजे ए.आय.आर., लिहिलेली असत. या नावाला आणखी एक पदर आहे. सभासदांपैकी हॉवर्डेना पिंडेल यांनी ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीच्या नायिकेवरून ‘एअर’ हे नाव सुचवले होते. त्यावरून बोलता बोलता ए.आय.आर. झाले.

वूस्टर स्ट्रीटवर ९७ क्रमांकाची जागा मिळाली. ती जागा प्रदर्शनायोग्य नव्हती. कंत्राटदाराला द्यायला पैसे नव्हते. तेव्हा या बायांनी अंगावर जुने कपडे चढवले आणि भिंती उभ्या करणे, रंग देणे, जमीन घासणे ही कामे स्वतः केली. १६ सप्टेंबर १९७२ रोजी पहिले प्रदर्शन उघडले. बायांनी बायांसाठी चालवलेली, नफा न घेणारी अमेरिकेतील ही पहिली सहकारी गॅलरी. तिने पुढे अनेकदा जागा बदलली आणि २०१५ साली ती ब्रुकलिनमधील प्लिमथ स्ट्रीटवर गेली. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती टिकली आहे.

काय दाखवायचे ते आपण ठरवू

अशी गॅलरी टिकते ती कंटाळवाण्या कामांवर. सभा घ्याव्या लागतात, इतिवृत्त लिहावे लागते, आमंत्रणपत्रिका पाकिटात घालून पत्ते लिहावे लागतात. दालन उघडे असेल त्या दिवशी कोणी तरी तिथे बसावे लागते. मालकाच्या गॅलरीत ही कामे नोकर करतात, इथे सभासद करतात. ए.आय.आर.च्या बायांनी त्यात आणखी एका कामाची भर घातली. सोमवारी संध्याकाळी त्या चर्चा आणि व्याख्याने ठेवू लागल्या. बाहेरच्या बायांनाही तिथे येता येई आणि ज्या गोष्टी कलाशाळेत कोणी शिकवत नाही त्यांवर बोलता येई.

या सगळ्या खटाटोपाचे फळ काय? नॅन्सी स्पेरो यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्या संस्थापक सहा जणींपैकी एक. वय पंचेचाळीसच्या पुढे, तीन मुलांची आई, सांधेदुखीने हात आखडलेले. १९७६ साली त्यांनी ए.आय.आर.मध्ये ‘टॉर्चर ऑफ वुमन’ हे काम लावले. जगभरच्या तुरुंगांत बायांचा जो छळ झाला, त्याच्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालांतील हकिकती त्यांनी लांबच लांब कागदांवर अक्षरांनी आणि आकृत्यांनी मांडल्या. सगळे कागद मिळून लांबी सुमारे सव्वाशे फूट. बैठकीच्या खोलीत टांगायला असले चित्र कोण विकत घेणार? विक्रीवर डोळा ठेवणाऱ्या दुकानदाराने ते लावण्यापूर्वी दहादा विचार केला असता. इथे कोणाची परवानगी नको होती. तेच काम आज कॅनडाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

दुसरे उदाहरण ज्युडिथ बर्नस्टीन यांचे. त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९७३ साली याच गॅलरीत झाले. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, फिलाडेल्फियातील एका मोठ्या प्रदर्शनातून त्यांचे कोळशाने काढलेले चित्र अश्लील ठरवून वगळण्यात आले. बाहेर ज्या हाताला अडवले गेले, त्याला या गॅलरीत कोणी अडवले नव्हते. स्वतःच्या भिंतीची किंमत अशा वेळी कळते.

मगाच्या बुडाला लाल ठिपका

इथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे. पण ती इथेच थांबवली तर वाचकांची फसवणूक होईल. वीस संस्थापक सभासदांमध्ये कृष्णवर्णीय बाई एकच होती. हॉवर्डेना पिंडेल. ज्यांनी नावाची कल्पना सुचवली त्याच.

पिंडेल यांचा जन्म १९४३ सालचा, फिलाडेल्फियाचा. येल विद्यापीठातून चित्रकलेची वरची पदवी घेऊन त्या १९६७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नोकरीला लागल्या आणि बारा वर्षे तिथे राहिल्या. संग्रहाची निवड आणि मांडणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तिकडे क्युरेटर म्हणतात. त्या म्युझियममध्ये या पदावर पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला त्याच. दिवसभर नोकरी, चित्रे रात्री. कार्यालयात कागदाला भोके पाडायचे पंचिंग मशीन असते ना, तेच त्यांचे हत्यार झाले. भोके पाडलेले जाड कागद कॅनव्हासवर धरून त्यांतून त्या रंग फवारत. भोकांतून पडलेल्या कागदाच्या टिकल्याही टाकून देत नसत. एकेका टिकलीवर बारीक अक्षरात आकडा लिहून त्या ती चिकटवत. १९७३ साली ए.आय.आर.मध्ये त्यांचे असे काम लागले.

या टिकल्यांचे मूळ त्यांनी अनेकदा सांगितले आहे. लहानपणी त्या वडिलांबरोबर मोटारीने केंटकी राज्याच्या बाजूला गेल्या होत्या. वाटेत एका टपरीवर दोघांनी थंड पेय घेतले. पिऊन झाल्यावर मुलीने मग वर केला तर बुडाला मोठा लाल ठिपका. हे काय, म्हणून विचारले. काळ्या माणसांना द्यायची भांडी गोऱ्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून ती खूण होती. तो ठिपका त्या पोरीच्या डोळ्यांतून कधी गेला नाही.

आमच्या वाचकांना यावर अधिक सांगायला नको. हॉटेलच्या बाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी ज्यांच्या आजोबांनी पाहिली आहे, त्यांना केंटकीचा मग लगेच ओळखू येईल.

अशी बाई त्या वीस जणींत बसली होती. सभेत तिला एक मत होते, इतरांना होते तेवढेच. वर्गणी तेवढीच, भिंत तेवढीच. तरीही १९७५ साली पिंडेल गॅलरीतून बाहेर पडल्या. बायांच्या चळवळीत बाई म्हणून होणाऱ्या अन्यायावर बोलावे, पण काळी म्हणून होणाऱ्या अन्यायावर बोलू नये, ही गोऱ्या मैत्रिणींची अपेक्षा त्यांना खुपत होती. पुढे त्यांनी ते उघड सांगितले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी जो इशारा दिला, तो इथे आठवल्याशिवाय राहत नाही. राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात मात्र विषमता, या विसंगतीबद्दलचा तो इशारा होता. तो देशाला जेवढा लागू, तेवढाच वीस माणसांच्या संस्थेलाही लागू आहे. मत कागदावर समान असते. पण सभेत आपल्यासारखे आपण एकटेच असलो, तर मत देऊनही आपला प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाही.

१९८० चे प्रदर्शन

पाच वर्षांनी हा प्रश्न विषयपत्रिकेवर आला. तो आणला तीन बायांनी. पहिली आना मेंडिएटा. क्यूबातून १९६१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, आईवडिलांविना अमेरिकेत पाठवली गेलेली आणि परक्या घरांत वाढलेली. ती १९७८ साली ए.आय.आर.ची सभासद झाली. दुसरी जपानची काझुको मियामोटो, तीही सभासद. तिसरी आपल्या देशाची, झरीना. अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या, गणिताची पदवी घेतलेल्या, लाकडी ठशांची छपाई शिकलेल्या आणि कागदाला सुईने टोचे मारून चित्र करणाऱ्या या बाई तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होत्या.

या तिघींनी सप्टेंबर १९८० मध्ये ए.आय.आर.च्याच भिंतींवर अमेरिकेतील तिसऱ्या जगाच्या चित्रकर्तींचे प्रदर्शन भरवले. नाव होते ‘डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन’, म्हणजे एकटे पाडले जाण्याविषयीचा वाद. आठ जणींचे काम त्यात होते. प्रास्ताविकात मेंडिएटा यांनी आडपडदा ठेवला नाही. अमेरिकेतील स्त्रीवादी चळवळ ही मुळात गोऱ्या मध्यमवर्गीय बायांची चळवळ आहे, असे त्यांनी लिहिले. लक्षात घ्या, हे त्यांनी त्याच चळवळीतून निघालेल्या गॅलरीच्या पुस्तिकेत लिहिले. त्या सभासद होत्या म्हणून हे शक्य झाले. बाहेरून असे लिहिले असते तर कोणी छापले असते?

या प्रदर्शनात पिंडेल परत आल्या. त्यांनी बारा मिनिटांची एक व्हिडिओ फिल्म आणली होती. त्यात त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या आयुष्यातले प्रसंग सांगतात. बालवाडीत दुपारी झोपायच्या वेळी लघवीला जायचे म्हटले म्हणून बाईंनी चादरीने खाटेला बांधले. पुढे शाळेत गुण असूनही वरच्या वर्गात बसवले नाही, कारण शिक्षिकेच्या मते गोरी मुले पुढे जाणार होती. मध्येमध्ये एक गोरी बाई येते आणि म्हणते, हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत, तू कृतघ्न आहेस. ती गोरी बाईसुद्धा पिंडेलच, चेहऱ्यावर पांढरा रंग आणि डोक्यावर सोनेरी केसांचा टोप घालून. ‘आता कुठे राहिली आहे जात?’ हे वाक्य ज्यांनी कचेरीत, कॉलेजात ऐकले आहे, त्यांना ही फिल्म समजवून सांगावी लागणार नाही.

एका प्रदर्शनाने सगळे सुटले असे नाही. १९८२ साली मेंडिएटाही सभासदत्व सोडून गेल्या. पण भिंतीवर लागलेले पुसले जात नाही. २०१८ साली याच गॅलरीने १९८० च्या त्या प्रदर्शनाकडे वळून पाहणारे नवे प्रदर्शन भरवले. १९९३ पासून नव्या चित्रकर्तींसाठी तिथे फेलोशिप आहे. निवड झालेल्या बाईला मार्गदर्शन मिळते आणि स्वतःचे प्रदर्शनही मिळते. झरीना २०११ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात भारताच्या दालनातील चार नावांत होत्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०२० साली त्यांचे निधन झाले. पिंडेल यांच्या साऱ्या आयुष्याच्या कामाचे प्रदर्शन २०१८ साली शिकागोच्या समकालीन कलासंग्रहालयात झाले.

स्वतःचे घर बांधणे

दुसऱ्यांच्या संस्थेत राहून भांडणे हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता स्वतःची संस्था काढण्याचा. तो ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या दहा कलावंतांनी १९८७ साली सिडनी शहरात धरला. त्यांच्या सहकारी संस्थेचे नाव बूमाली. त्यांच्या तीन भाषांत आढळणाऱ्या या शब्दाचा अर्थ आघात करणे, खूण उमटवणे.

त्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्या समाजाची कला म्युझियमना हवी होती, पण ती दूरच्या अरण्यातली, झाडाच्या सालीवरची. शहरात वाढलेली, कॅमेरा वापरणारी, कलाशाळेत शिकलेली मुले त्यांना ‘अस्सल’ वाटत नव्हती. आमच्यात अस्सल कोण हे तुम्ही ठरवणारे कोण, असा या दहा जणांचा सवाल होता. मायकेल रायली, ट्रेसी मॉफॅट, ब्रॉन्विन बॅनक्रॉफ्ट, फिओना फोली ही त्यांतली काही नावे. यांतल्या ट्रेसी मॉफॅट यांनी २०१७ साली व्हेनिसमध्ये ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. एवढ्या मोठ्या नावाची सुरुवातही दहा जणांच्या वर्गणीत झाली होती, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

पोटाचे काय?

आता घरातल्या आईवडिलांचा प्रश्न. वर्गणी भरायची, सुट्टीच्या दिवशी दालनात बसायचे, आणि विक्रीची खात्री नाही. मग चूल कशी पेटणार? हा प्रश्न हलका नाही. ज्याची मजुरी रोजाची, त्याने दालनात बसलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेला रोज. जे ही गोष्ट विसरून सहकाराचे गोडवे गातात, त्यांच्या घरी बहुधा दुसरी मिळकत असते.

यावर एक उत्तर आपल्याच देशात सापडले आहे. मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य के.सी.एस. पणिकर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी बाटिकची कापडे आणि हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या. त्या पैशातून समुद्राकाठी जमीन घेतली आणि १९६६ साली चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसवले. पोटासाठी हस्तकला आणि मनासाठी चित्र, अशी त्यांनी वाटणी केली. चित्र विकले जावे म्हणून चित्र बदलायची पाळी येऊ नये, हा त्यामागचा विचार. पाट्या रंगवून घर चालवणाऱ्याने यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. पिंडेल यांनीही बारा वर्षे नोकरी करून रात्री चित्रे काढली.

सभासद होण्यापूर्वी विचारा

तुमच्या मुलाला किंवा मुलीला अशा एखाद्या गॅलरीकडून बोलावणे आले, किंवा पाच-दहा मित्रांनी मिळून काढायचे ठरवले, तर पुढील गोष्टी लेखी विचारून घ्या.

१. सभासद कोण निवडतो? सगळे मिळून मतदान करतात, की दोघेतिघे आपसात ठरवतात?

२. प्रवेश फी किती, महिन्याची वर्गणी किती? दोन महिने थकली तर सभासदत्व जाते की सवलत मिळते? पैशाऐवजी काम करून भरपाई चालते का?

३. महिन्यातून किती दिवस दालनात बसावे लागेल? नोकरी करणाऱ्याला रविवार मिळेल का?

४. आपल्या प्रदर्शनाची पाळी कधी? तारीख लिहून मिळेल का?

५. चित्र विकले तर किती टक्के गॅलरीचे? गिऱ्हाइकाचे पैसे कोणाच्या हातात येतात आणि किती दिवसांत मिळतात?

६. काय लावायचे यावर कोणाची हरकत चालते का? बाबासाहेबांचे किंवा गावकुसाबाहेरच्या जगण्याचे चित्र लावले तर ‘इथे राजकारण नको’ असे कोणी म्हणू शकेल का?

७. चित्र फाटले, भिजले, हरवले तर जबाबदारी कोणाची?

८. वर्षाचा हिशेब आणि सभेचे इतिवृत्त प्रत्येक सभासदाला पाहायला मिळते का?

९. सोडून जायचे झाले तर अनामत आणि चित्रे किती दिवसांत परत मिळतात?

आणि दहावा प्रश्न कोणाला विचारायचा नाही, स्वतः मोजून पाहायचा. सभासदांच्या यादीवर नजर टाका. आपल्यासारखे किती आहेत? एकही नसेल तर लगेच पाठ फिरवू नका. पण एकट्याने जाऊ नका, शक्य तर दोघे-तिघे मिळून अर्ज करा. आत गेल्यावर वर्गणी वेळेवर भरा, आपल्या पाळीला दालनात बसा, म्हणजे सभेत कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. मग विषयपत्रिकेवर आपला विषय घाला आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते वाचून पाहा. नवा सभासद निवडायची वेळ आली की आपल्यामागे रांगेत कोण उभे आहे ते आठवा.

हे करूनही ऐकले जात नसेल, तर दहा जण पुरतात. आपल्याकडे विहारांच्या कमिट्या, भिशी मंडळे आणि महिला मंडळे वर्षानुवर्षे चोख हिशेबाने चालली आहेत. वर्गणी गोळा करणे, पावती फाडणे, सभा घेणे यांत आपली माणसे कोणाला हार जाणारी नाहीत. तीच शिस्त चित्रकारांनी उचलली, तर भिंत मागत फिरण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.